घासा, पण बेतानं: गाडीच्या चकाकीचे किस्से

जुन्या फियाटच्या बंपरवर क्रोमचा जो थर असतो, तो अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. म्हणजे एका केसाच्या जाडीत क्रोमचे 100 हून अधिक थर आरामात बसतील. त्याहून मोठी गंमत म्हणजे ती झळाळी ज्या गुळगुळीतपणातून येते तो बव्हंशी क्रोमचा नसतोच, खालच्या निकलचा असतो. आधी पोलादी भाग घासून गुळगुळीत करतात. मग बऱ्याचदा तांब्याचा एक हात देतात, त्यावर साधारण 10 ते 30 मायक्रॉन निकल चढवतात आणि सगळ्यात शेवटी क्रोमचा तो झिरझिरीत थर. उघडं निकल हवेत पिवळसर, मळकट होत जातं. क्रोम तसं होत नाही, शिवाय ते भलतंच कठीण असतं. निकलवर पहारा देणं हे त्याचं मुख्य काम.

आरसा म्हणून पाहिलं तर क्रोम पहिल्या नंबरात बसत नाही. चांदी तिच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी 95 टक्क्यांच्या आसपास परत पाठवते, ॲल्युमिनियम 90 च्या घरात आणि क्रोम जेमतेम 65 च्या. पण चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळी पडते आणि ॲल्युमिनियम मऊ, लगेच ओरखडतं. क्रोम पाऊस, धूळ, फडकं सगळं सोसतं. त्याची चकाकी किंचित निळसर असते, म्हणून ती थंड आणि स्वच्छ वाटते. जुन्या निकलच्या दिव्याशेजारी क्रोमचा दिवा ठेवून पाहा, निकलची पिवळसर ऊब लगेच कळेल.

गंजानेच घासतात

चकाकी बहुतेक वेळा नुसती वरून लावता येत नाही, धातू घासून काढूनच ती मिळते. या लेखातले बरेच किस्से शेवटी इथेच येतात. न घासलेल्या धातूवर डोंगरदऱ्या असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून दहा दिशांना विखुरतो. पॉलिश पेपर त्या डोंगरांची टोकं कापतो, पण स्वतःचे ओरखडे ठेवून जातो. पुढचा बारीक पेपर ते ओरखडे कापून आणखी बारीक ओरखडे ठेवतो. 400, 800, 1200, 2000 अशी ही उतरंड. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते. ओरखडे त्याहून लहान झाले की प्रकाशाला ते जाणवेनासे होतात आणि धातूत आपला चेहरा दिसू लागतो. ओरखडे तेव्हाही असतातच.

हे न्यूटनने 1704 मध्ये ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. पॉलिश म्हणजे ओरखडे इतके बारीक करणं की ते दिसू नयेत, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वतःच्या परावर्तक दुर्बिणीसाठी धातूचा आरसा हाताने घासला होता, त्यामुळे ते म्हणण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्बी या रसायनशास्त्रज्ञाने वेगळंच मांडलं: घासताना धातूचा वरचा थर वाहतो आणि खड्डे भरून काढतो. हा वाद काही दशकं चालला. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले आणि दिसलं की बहुतांश काम बारीक कापण्याचंच आहे. पारडं न्यूटनकडे झुकलं.

अनुभवी कारागीर प्रत्येक नव्या पेपरला घासण्याची दिशा काटकोनात बदलतो. आधीचे ओरखडे उभे, नवे आडवे. उभा ओरखडा एकही उरला नाही की पुढच्या पेपराकडे जायचं. मशीन नको, भिंग नको, मोजमापही नको. या धंद्यातली इतकी साधी आणि हुशार युक्ती मला दुसरी सापडलेली नाही.

पेपर संपले की बफिंग. सुती कापडाच्या शिवलेल्या चकत्या मोटरवर फिरतात आणि त्यांना पॉलिशची वडी लावतात. या वड्यांचे रंग म्हणजे खनिजांचं प्रदर्शनच. तांबडी वडी आयर्न ऑक्साइडची, म्हणजे रासायनिक दृष्ट्या गंजाची. सोन्याचे दागिनेही तिनेच उजळतात. हिरवी वडी क्रोमियम ऑक्साइडची, ती स्टेनलेस स्टीलवर चालते आणि स्टेनलेसचा गंजापासून बचाव मुळात क्रोमियमच करतं. पांढरी वडी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची. त्याचेच स्फटिक म्हणजे कुरुंद, आणि त्यात क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक. तेव्हा ॲल्युमिनियमची रिम घासणारा बफिंगवाला ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडने ती घासत असतो.

मोटर फिरू लागली की ओल्या मालाचे काळे शिंतोडे कारागिराच्या तोंडावर उडतात. तो भाग नेहमी चाकाच्या मध्याखाली धरतो. चाकाने धारेवर पकडून भाग हिसकावलाच, तर तो खाली, अंगापासून दूर फेकला जावा म्हणून. वरच्या बाजूला धरला तर तोच भाग छातीवर येऊ शकतो.

पितळ, घाम आणि ब्रासो

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकातल्या मोटारींच्या काळाला मोटारप्रेमी पितळयुग म्हणतात. दिवे पितळेचे, रेडिएटरचा सांगाडा पितळेचा, भोंगा पितळेचा. पितळ सहज आकार घेतं आणि लोखंडासारखं गंजत नाही. मात्र काही दिवसांत ते काळवंडतं, त्यामुळे मालकाला किंवा त्याच्या नोकराला सतत घासत बसावं लागे. याच सुमारास, 1905 च्या आसपास, ब्रिटनमध्ये रेकिट कंपनीचं ब्रासो बाजारात आलं. त्यात बारीक घासणारी पूड आणि अमोनिया ही जोडी होती. अमोनिया तांब्याचं ऑक्साइड विरघळवतो, पूड उरलेलं काम करते. आपल्याकडे देवघरातली भांडी चिंचेने घासतात, तिथे अमोनियाचं काम टार्टारिक आम्ल करतं. ठाण्याच्या पितांबरीने मराठी घरांतल्या या जुन्या कामाला पुडीत आणलं.

फोर्डने 1917 च्या मॉडेलपासून मॉडेल टीच्या रेडिएटरवरचं पितळ काढून काळा रंग दिला. लाखांनी गाड्या बनवायच्या तर पितळ परवडणार नव्हतं. श्रीमंतांचा रस्ता निराळा होता. 1907 च्या ज्या रोल्स-रॉइसवरून ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव पडलं, तिला ॲल्युमिनियमचा रंग होता आणि दिवे-कड्यांना चांदीचा मुलामा.

लाल दगडातून आलेली पांढरी झळाळी

क्रोमियम 1797 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ याने सायबेरियातल्या लालभडक खनिजातून शोधलं. माणकाचा लाल रंग याच मूलद्रव्याचा आणि पाचूचा हिरवाही याचाच. इतका रंगेल धातू मोटारीवर मात्र रंगाशिवाय, निव्वळ लखलखाट म्हणून आला. त्याला सव्वाशे वर्षं लागली. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी क्रोमचा मुलामा कारखान्यात भरवशाने चढवता येईल अशी पद्धत बसवली आणि दशक संपता संपता अमेरिकी मोटारी क्रोमने मढल्या.

1930 मध्ये न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग उभी राहिली. तिच्या 61 व्या मजल्यावरून बाहेर डोकावणारे स्टीलचे गरुड क्रायस्लर मोटारीच्या बॉनेटवरच्या शोभेच्या पक्ष्यावरून घेतले आहेत, आणि 31 व्या मजल्याच्या कोपऱ्यांवर रेडिएटरची पंखवाली झाकणं आहेत. मोटारीच्या दागिन्यांवरून आख्खी गगनचुंबी इमारत नटवली गेली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. क्रोमियम आणि निकल दोन्ही लष्कराला हवे होते. 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेत ज्या थोड्या मोटारी बाहेर पडल्या त्यांच्या क्रोमच्या पट्ट्यांवर चक्क रंग फासलेला होता. पुढे कोरियाच्या युद्धातही निकल टंचाईत गेलं. त्या वर्षांतल्या अमेरिकी गाड्यांचं क्रोम लवकर सोलतं, हे जुन्या गाड्या जमवणारे जाणून असतात. खालचा निकलचा थर काटकसरीत कमी झाला होता, आणि खरी मदार त्याच्यावरच असते हे आपण वर पाहिलंच.

टंचाई संपल्यावर भरपाई झाली ती 1958 मध्ये. त्या वर्षीच्या ब्यूकच्या समोरच्या जाळीत क्रोमचे 160 छोटे चौकोन होते, प्रत्येक चौकोन प्रकाश वेगळ्या दिशेला फेकणारा. काहींना ती जाळी भडक वाटते. माझ्या मते तिच्यापुढे उभं राहून पाहावी अशी ती चीज आहे.

आपल्याकडे क्रोमचा हा काळ लांबला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पद्मिनी शतकाच्या शेवटापर्यंत बनत राहिली आणि तिचं मूळ रूप 1960 च्या दशकातल्या इटालियन फियाटचं होतं. त्यामुळे जगाने प्लास्टिकचे बंपर स्वीकारल्यावरही मुंबईची काळी-पिवळी क्रोमचा बंपर मिरवत राहिली, थेट ऑक्टोबर 2023 पर्यंत. त्या महिन्यात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

रंगच नको

काही गाड्यांनी रंग आणि मुलामा दोन्ही नाकारले. 1936 मध्ये अमेरिकेतल्या ॲलेगनी या पोलाद कंपनीने फोर्डकडून 6 मोटारी स्टेनलेस स्टीलच्या बनवून घेतल्या. कंपनीचे लोक त्या वर्षानुवर्षं फिरवत राहिले, प्रत्येक गाडी लाखो मैल धावली, आत यंत्रं झिजली, बाहेरचं अंग तसंच राहिलं. 1981 मध्ये उत्तर आयर्लंडमधून आलेली डिलोरियनही बिनरंगाची स्टेनलेस. तिला आरशासारखं पॉलिश न करता एकाच दिशेने बारीक रेषा घासलेल्या होत्या. ओरखडा पडला तर त्याच रेषांच्या दिशेने घासणीने चोळला की तो मिटतो. भांड्याच्या घासणीने दुरुस्त होणाऱ्या मोटारी जगात फार नाहीत.

स्टेनलेसचं गुपित त्यातल्या किमान 10.5 टक्के क्रोमियममध्ये आहे. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते काही नॅनोमीटर जाडीचं कवच धरतं. खरवडलं तर उघडं पडलेलं क्रोमियम पुन्हा कवच धरतं. कोकणातली खारी हवा मात्र या कवचाला भोकं पाडू शकते, कारण मिठातला क्लोराइड त्याचा वैरी आहे.

रेसिंगच्या दुनियेत ‘सिल्व्हर ॲरोज’ची एक दंतकथा आहे. 1934 मध्ये वजनाची मर्यादा 750 किलो, मर्सिडीजची गाडी भरली 751. संघाने रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचं चकचकीत ॲल्युमिनियम शर्यतीत धावलं. संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी ती आवडीने सांगितली, इतिहासकारांना तिच्या खरेपणाबद्दल दाट शंका आहे.

रंगाला वजन असतं हे मात्र शंभर टक्के खरं. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकेने लढाऊ विमानांचा रंग त्यासाठीही उतरवला. अमेरिकन एअरलाइन्सची प्रवासी विमानं अनेक दशकं उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमची होती. 2013 मध्ये तो थाट संपला, कारण नव्या विमानांचं अंग कार्बन फायबरचं होतं आणि ते घासून चमकवता येत नाही. विमानांचा आणि एअरस्ट्रीम या रुपेरी अमेरिकी फिरत्या घरांचा पत्रा आतून मजबूत मिश्रधातूचा आणि वरून शुद्ध ॲल्युमिनियमच्या पातळ थराचा असतो. शुद्ध थर गंजापासून वाचवतो आणि चमकही तोच देतो. हौशी माणूस घासत सुटला तर हाच थर संपतो, मग खालचा पत्रा गंजायला मोकळा.

गाड्या चकाकवण्याचं वेड जगभर सारखंच. फिलिपिन्समध्ये महायुद्धानंतर उरलेल्या अमेरिकी जीपमधून जीपनी या प्रवासी गाड्या जन्मल्या, पुढे त्यांची अंगं चकाकत्या स्टीलची झाली आणि बॉनेटवर घोडे उभे राहिले. जपानमध्ये 1975 च्या ‘तोराक्कु यारो’ या चित्रपटानंतर क्रोम आणि दिव्यांनी मढवलेल्या ट्रकांची लाटच आली. अमेरिकेत आयोवातल्या वॉलकॉट गावी जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रक थांबा आहे, तिथे ट्रकांसाठी क्रोमच्या वस्तूंचं आख्खं दालन आहे आणि दरवर्षी ट्रकांची सौंदर्यस्पर्धा भरते.

एक गोष्ट थांबून वाचायची

2 ऑगस्ट 2014 रोजी शांघायजवळच्या कुनशान शहरात मोटारींची ॲल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. 146 माणसं दगावली. घासलेलं ॲल्युमिनियम बारीक धूळ होऊन हवेत आणि नळ्यांत साचत गेलं आणि पेटलं. ॲल्युमिनियमची पूड अतिशय ज्वलनशील असते, आपल्या फुलबाज्यांतही ती असते. धूळ वेळच्या वेळी खेचून बाहेर नेणारी यंत्रणा नीट असती, तर हे टळलं असतं. बफिंगच्या दुकानात गाडी दिली की तिथे धूळ ओढणारा पंखा चालू आहे का आणि कारागिराच्या तोंडावर मास्क आहे का, हे पाहावं. नसेल तर तसं बोलावं, आणि त्यासाठी चार पैसे जास्त पडले तर द्यावेत. रिम चमकते ती त्याच्या फुप्फुसाच्या बदल्यात चमकता कामा नये.

प्लास्टिकवरचं क्रोम

आजच्या गाडीची चमकती जाळी हातात घ्या, हलकी लागेल. ती एबीएस प्लास्टिकची आहे. लेगोचे ठोकळेही याच प्लास्टिकचे. प्लास्टिकला धातू चिकटत नाही, म्हणून ते आधी क्रोमिक आम्लाच्या मिश्रणात बुडवतात. एबीएसमध्ये रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. आम्ल तेवढेच कण खातं आणि हजारो सूक्ष्म खळगे तयार होतात. धातू त्या खळग्यांत मुळं रोवतो. नंतर नेहमीसारखं तांबं, निकल, क्रोम.

या कामात वापरलं जाणारं षटसंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये नियम केला, की शोभेच्या मुलाम्यासाठी त्याचा वापर 2027 पासून बंद. त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम वापरता येतं. ते कितीतरी कमी घातक आहे, फक्त रंगाची छटा किंचित वेगळी पडते. ती छटा स्वीकारायला मला तरी काही अडचण वाटत नाही.

खंडेनवमीच्या आधी

आता घरच्या कामाचं. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी आपण सगळेच फडकं घेऊन बसतो, तेव्हा कुठे काय घासायचं ते नीट पाहा.

क्रोमवर गंजाचे ठिपके आले असतील तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे क्रोम ओरखडत नाही, पण गंज सुटतो. कोला वापरायचा सल्ला ऐकला असेल, त्यातलं फॉस्फोरिक आम्ल थोडी मदत करतं. साध्या पाण्यानेही भागतं. तो गंज क्रोमचा नसतो हेही लक्षात घ्या. क्रोमच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी आत जातं आणि खालचं लोखंड बाहेर येऊन गंजतं. म्हणून घासून झालं की पुसून कोरडं करा आणि वर मेण लावा, छिद्रं बुजतात.

ॲल्युमिनियम घासताना फडकं काळंकुट्ट झालं तर घाबरू नका. तो मळ कमी आणि धातूचे निघालेले बारीक कण जास्त. यावरून एक छान परीक्षा करता येते. अलॉय व्हील उघडं आहे की त्यावर पारदर्शक लॅकर आहे हे कळत नसेल, तर मागच्या कोपऱ्यात किंचित पॉलिश घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा, चालू द्या. पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. तिथे धातूचं पॉलिश लावलं तर लॅकरच झिजेल, साबणपाणी पुरे. चिंच-मीठ किंवा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमवर मुळीच नको. दोन्ही धातूला खातात आणि पांढुरके डाग उरतात.

बाजारात रिमसाठी एक फवारा मिळतो, तो मारला की चाक जांभळं रडू लागतं. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण त्यातल्या थायोग्लायकोलेटशी संयोग पावून जांभळे होतात. हेच रसायनकुटुंब केस काढायच्या क्रीममध्ये असतं, म्हणून वासही ओळखीचा येतो. हातमोजे घाला.

बुलेटच्या सायलेन्सरचा वाकडा पाइप निळा-सोनेरी पडला असेल तर तो मळ समजू नका. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात तसेच ते इथे थराच्या जाडीनुसार दिसतात. सोनेरी पातळ, निळा त्याहून जाड. घासून तो जाईल, गाडी तापली की परत येईल. मला तो तसाच आवडतो.

आणि हेडलाइट उघडलाच, तर आतल्या परावर्तकाला बोटही लावू नका, फडकं तर दूरच. निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ करून त्याच्यावर बसवलेला थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असतो. सुक्या फडक्याने एकदा घासलं तरी तो निघून येऊ शकतो, आणि मग खालचं प्लास्टिक दिसतं. धूळ बसली असेल तर फुंकरीने उडवा, काच परत बसवा.